जनरलसाहेबांच्या दोन विधवा

सान रोके, १२ ऑक्टोबर

तादेओ,

फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. म्हणून पत्र. मी एकतीस वर्षं पोस्टात काढली आहेत, मला ठाऊक आहे की पत्र मधेच बंद करता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि फाडण्याआधी माणूस एकदा वाचतोच.

पापा गेल्याचं तुला कळलं आहे. तू राहतोस त्या खोलीच्या मालकिणीने निरोप पोचवल्याचं मला सांगितलं. तू आला नाहीस. ह्यावर एक शब्द बोलायचा नाही असं ठरवून लिहायला बसले होते. झाला बोलून.

गेले कसे ते ऐक. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, भर दुपारी, व्हरांड्यातल्या खुर्चीत. शेळीचा रस्सा केला होता. "ओब्दुलिया, पुन्हा वाढ, आणि हाडं नकोत," म्हणाले. मी आत जाऊन वाढून आणलं, तोवर हातात चमचा धरून निवांत बसलेले. ब्याऐंशीव्या वर्षी, दुसऱ्यांदा वाढून घेताना गेले. मी रडले, मग रस्सा गार होतोय असं मनात आलं, आणि त्याचंच जास्त रडू आलं.

अंत्ययात्रेला अख्खं गाव होतं. तह झाला त्या वर्षी ज्यांनी आपल्या दारावर डांबराने 'टेकडीविक्या' लिहिलं होतं, ते पेटीला खांदा द्यायला भांडत होते. पुलावरून अर्धं पलीकडचं गाव आलं, आणि त्यांच्यापुढे कर्नल तावारा. हो, तोच. चौदा महिने नदीपलीकडून आपल्यावर तोफा डागणारा एराक्लिओ तावारा. कडक माणूस म्हणून सरकारने पापांना मंत्री केलं, आणि ह्या कडक माणसाने दहा आठवडे त्याच तावारासमोर बसून तह लिहिला आणि टेकडी पलीकडच्यांना सोडली, हे तुला मी नव्याने सांगायला नको. तुला माहीत नाही ते सांगते. गेली नऊ वर्षं दर गुरुवारी दोघं पुलाच्या मधोमध टेबल टाकून डॉमिनो खेळायचे. टेबलाचे दोन पाय तिकडे, दोन पाय इकडे. कर्नल पेटीजवळ आला, टोपी काढली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "लिसान्द्रो, गेल्या गुरुवारी तू हरत होतास. ही माघार मी मानत नाही." आधी पाद्रीबाबा हसले, मग आम्ही सगळे हसलो.

आता मुद्द्याचं. पापांच्या टेबलात लाखेने बंद केलेलं एक पाकीट निघालं. वर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: "यंदाचं जुनं वर्ष मी. आत मृत्युपत्र. विधवा: माझा मुलगा, कॅप्टन तादेओ बुर्नेओ. दुसऱ्या कुणी पाकीट फोडल्यास त्याच्या साखरेला जन्मभर मुंग्या लागोत."

तिकडे स्पेनमध्ये लिंबांचे ट्रक हाकता हाकता विसरला असशील म्हणून आठवण देते. एकतीस डिसेंबरला आपल्याकडे जुन्या वर्षाचा पुतळा करतात, आणि ज्याचा पुतळा त्याच्याच अंगातले कपडे त्याला घालतात. बाप्ये काळे स्कर्ट घालून, ओठ रंगवून त्याच्या विधवा होतात आणि गावभर ऊर बडवत फिरतात. मुख्य विधवा चौकात मृत्युपत्र वाचते, त्यात सगळ्या गावाची टर उडवलेली असते. आणि संध्याकाळी सहाला आग. बाकीचा देश मध्यरात्री पेटवतो, आपण सहाला, कारण युद्धाच्या वर्षी सातला संचारबंदी लागायची आणि नंतर कुणी वेळ बदललीच नाही.

हेही आठवत असेल की मृत्युपत्र वाचल्याशिवाय पुतळा जाळत नाहीत. तू आला नाहीस तर पापा पुढचं अख्खं वर्ष भुसा भरून व्हरांड्यात बसून राहणार, आणि जुनं वर्ष गेलं असं कुणालाच वाटणार नाही. मला तर आधीच वाटत नाहीये.

पाकिटात कागदाशिवाय काहीतरी गोल आणि कडक लागतं. मी फोडलं नाही. साखर मला लागते.

पहिल्या वेळी, तहाच्या वर्षी, त्यांचा पुतळा करून जाळला त्याचा विषय काढत नाही. तो लष्करी कोट दोरीवरून चोरीला गेला होता, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं होतं.

तुझी बहीण,
ओब्दुलिया

सान रोके, ३ नोव्हेंबर

तादेओ,

उत्तर नाही. हरकत नाही, पोस्टातल्या माणसाला वाट बघायची सवय असते.

काल मृतांचा दिवस होता. मी टेकडीवर जाऊन आले. नाक मुरडू नकोस, पुढे वाच.

तू गेलास तेव्हा म्हणाला होतास, "पापांनी टेकडी दिली म्हणजे माझी तीन माणसंही त्यांना देऊन टाकली." नेस्तोर, इबान आणि तो लांब मानेचा, ज्याला तुम्ही सगळे जिराफ म्हणायचात. हे वाक्य तू व्हरांड्यात उभा राहून म्हणालास आणि पापा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं असं मला अकरा वर्षं वाटत आलंय. म्हणून आता मी बोलते.

दर वर्षी ह्या दिवशी आम्ही वर जातो. नेस्तोरची आई, मी, आणि ज्यांचे गुडघे चालतात ते सगळे. बाहुलीच्या आकाराचे पाव आणि जांभळी पेज घेऊन. वर पलीकडच्यांची चौकी आहे. तिथला शिपाई कागद बघत नाही. तो पाव बघतो. "मावशी, यंदा साखरेचे डोळे केलेत की मनुकांचे?" असं विचारतो, आणि एक पाव हातावर पडल्याशिवाय फाटक उघडत नाही. नेस्तोरची आई त्याला म्हणते, "मेल्या, माझ्या पोराच्या वाटणीतलं खातोस," आणि दोन देते.

तिन्ही क्रॉस आकाशी रंगात रंगवलेले होते. दर वर्षी असतात. मला वाटायचं त्यांच्या चौकीवाल्यांना हुकूम असेल. काल बघते तर कर्नल तावारा गवतात मांडी ठोकून बसलेला, नाकाला रंग, हातात ब्रश. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. मी म्हटलं, "कर्नलसाहेब, हे तुम्ही?"

म्हणाला, "मग काय तुझा बाप येणार होता? त्याची कंबर धरायची. कलम त्याचं आणि ब्रश माझा, अशी वाटणी झाली होती."

"कसलं कलम?"

"कलम नऊ. ह्या तीन कबरींची वाट कायम उघडी. अकरा दिवस अडला होता त्यावर. आमचे वकील म्हणाले, एवढीशी वाट, सोडून द्या. तुझा बाप म्हणाला, टेकडी घ्या, नकाशा घ्या, माझी टोपी घ्या, वाट मिळाल्याशिवाय सही नाही. माझ्या मुलाची माणसं आहेत ती."

"मग आकाशीच रंग का?"

"कोंबड्यांच्या खुराड्याचा उरला होता. तुझ्या बापाला आवडला. मग मी दर वर्षी खुराडंही आकाशी रंगवायला लागलो, म्हणजे उरेल."

मी खाली उतरेपर्यंत हसत होते, आणि नेस्तोरची आई मला म्हणत होती की कबरीवरून येताना एवढं हसू नये, आणि स्वतःच हसत होती.

तेव्हा तादेओ, तुझी माणसं कुणाला दिलेली नाहीत. दर वर्षी त्यांना पाव मिळतो. जिराफाच्या कबरीवर पेरूचं झाड आलंय आणि त्याचे पेरू दोन्हीकडचे लोक खातात. हे तुला कळवायला मला अकरा वर्षं लागली, ह्यात माझीही चूक आहे. तू फोन ठेवायचास आणि मीही मनात म्हणायचे, जा मर.

ओब्दुलिया

सान रोके, २४ नोव्हेंबर

तादेओ,

पोलिबिओ मिस्त्रीने पुतळा करायला घेतला. तुला माहीत आहे, चाळीस वर्षं गावाची जुनी वर्षं तोच करतो आणि स्वतःला मोठा कलावंत समजतो. पहिल्याच दिवशी दारात येऊन अडून बसला.

"ओब्दुलियाताई, कपडे."

मी पापांचा तपकिरी कोट आणून दिला, पुलावर डॉमिनो खेळताना घालायचे तो. कोपराला ठिगळं आहेत. तो म्हणाला, "हा? जनरल बुर्नेओला ह्या कोटात जाळू? लोक म्हणतील मिस्त्रीने शाळामास्तर केला."

"लष्करी कोट एकच होता आणि तो तूच जाळलास," मी म्हटलं.

 तो टोपी काढून म्हणाला, "ताई, त्या वर्षी मीही थुंकलो होतो तुमच्या पायरीवर. हा कोट चालेल."

पुतळा आठवड्यात तयार झाला आणि मिस्त्रीने तो पापांच्याच खुर्चीत बसवला. तादेओ, मिशीसुद्धा तशीच, उजवीकडे जरा जास्त. पहिल्या सकाळी पाद्रीबाबांनी त्याला सुप्रभात म्हटलं. आपला म्हातारा पोस्टमन पंधरा मिनिटं त्याच्यापाशी पायदुखीचं गाऱ्हाणं सांगत उभा होता, आणि जाताना मला म्हणाला, "जनरलसाहेब हल्ली किती शांतपणे ऐकून घेतात." मी त्याला खरं सांगितलं नाही. मीही संध्याकाळी खुर्चीजवळ कॉफी ठेवते.

दुसरी बातमी. कर्नल तावाराने निरोप न पाठवता थेट येऊन सांगितलं की त्याला विधवा व्हायचंय. मी म्हटलं, ते होणार नाही, पाकिटावर तादेओचं नाव आहे. तो खुर्ची ओढून बसला, पुतळ्याच्या शेजारी, आणि म्हणाला, "लग्नाची बायको तुमच्याकडची असू दे. मी पलीकडची. ठेवलेली. दर गुरुवारी भेटायला यायचा की नाही माझ्याकडे? सांग, यायचा की नाही?"

"यायचे," मी म्हटलं.

"मग प्रेतावर माझाही हक्क आहे. मी येऊन तुझ्या भावाच्या झिंज्या उपटणार."

त्याने बायकोकडून लाल स्कर्ट आधीच मागून घेतलाय, कारण ठेवलेली बाई काळं का घालेल म्हणतो. गावभर झालंय. लोक आत्तापासून विचारतात, "खरी विधवा येणार ना?" मी म्हणते, येणार. तोंडावर हसू ठेवून म्हणते, आणि घरी येऊन पाकीट हातात घेऊन बसते. तू आला नाहीस तर गावासमोर मी खोटी पडेन हे एक. पण ते जाऊ दे. त्यांनी तुला शेवटचं काय लिहिलं ते कुणालाच कधी कळणार नाही, ह्याने माझा जीव वरखाली होतो.

म्हणून आता खरं बोलते. कोट चोरीला गेला नव्हता. मी दोरीवर कपडे घालत होते आणि तुला मागच्या दाराने कोट पोलिबिओला देताना मी पाहिलं. तुझ्या हातावर तो घडी करून ठेवलेला होता, नीट, जसा ते ठेवायचे तसा. सात पितळी बटणं चमकत होती. पापांनी विचारलं तेव्हा मी दोरीचं सांगितलं. ते म्हणाले, "दोरी फार दिवस बदलायची आहे." बस, एवढंच. त्यांना कळलं होतं, तादेओ. तू आपल्याला कुणी पाहिलं नाही अशा समजुतीत अकरा वर्षं पळतोयस, आणि इथे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

एक गोष्ट मात्र मला कधी उमगली नाही. तो कोट असायचा त्या कपाटाला कायम कुलूप असायचं आणि किल्ली पापांच्या गळ्यात. तुला ते उघडं मिळालंच कसं? आणि त्या आठवड्यात तू आणि तुझे ते चार दोस्त रोज मिस्त्रीच्या वखारीत बसून कसली खलबतं करत होतात? मिस्त्री म्हणतो, तुम्ही लाकडांवर नकाशा पसरायचात. मी विचारत नाही. आपलं लिहिलं.

ओब्दुलिया

सान रोके, १५ डिसेंबर

तादेओ,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी चार शब्द: "मी स्कर्ट घालणार नाही."

मी ते पोस्टमनपुढे वाचलं, पाद्रीबाबांपुढे वाचलं, पुतळ्यापुढे वाचलं. कर्नलला पुलावर जाऊन वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मुलगी, हा माणूस निघाला." कारण तू 'येणार नाही' असं कुठे लिहिलंस? लष्करी माणूस आहेस, हुकूम पाळायचा नसेल तर हुकमाचं नाव घेऊन नाही म्हणतोस. तू फक्त गणवेशाबद्दल तक्रार केली आहेस.

स्कर्ट माझा आहे, काळा, आईच्या दुखवट्याला शिवलेला. कंबर मोकळी करून ठेवलीये, तरी लिंबाच्या देशात तू किती सुटलास ते मला माहीत नाही. शाल आणि ओठांना लावायचं लाल सगळं तयार आहे. दाढी करू नकोस. दाढीवाली विधवा गावाला जास्त आवडते.

जिल्ह्याच्या गावापासून पुढे बस दुपारी दोनला असते, आणि ड्रायव्हर मिस्त्रीचा जावई आहे. त्याला सांगून ठेवलंय की एक चिडका माणूस चढेल, त्याच्याशी बोलू नकोस, पण उतरू देऊ नकोस.

पापांची खोली झाडून ठेवलीये. तुझी म्हणजे जुनी खोली कबुतरांनी घेतलीये, त्यांच्याशी तह करायला वेळ नाही.

लवकर ये. उशीर केलास तर कर्नल दोन्ही नवऱ्यांचं… म्हणजे दोन्ही विधवांचं काम एकटा करेल. बघ, आनंदाने माझं लिहिणं चुकायला लागलं.

तुझी ओब्दुलिया

सान रोके, ३१ डिसेंबर, संध्याकाळचे पाच

पापा,

हे पत्र मी तुमच्या तपकिरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवणार आहे. सहाला ते तुमच्याबरोबर जाईल. इथे लोक तसंच करतात, चिठ्ठ्या खिशात घालतात. तुमच्या दोन्ही खिशांत आधीच इतक्या आहेत की तुमचं पोट सुटलंय. मला लिहायची सवय नाही. ओब्दुलियाताईला आहे, तिच्या चार पत्रांनी मला बसमध्ये बसवलं.

स्वयंपाकघरात बसून लिहितोय. ताईचा काळा स्कर्ट अंगावर आहे आणि कंबरेचा हूक तुटलाय. तोंडाला रंग आहे. बाहेर ढोल वाजतोय. ह्या अवतारात मी बापाला पहिलं पत्र लिहीन असं लष्करी शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी त्याला ठोकला असता.

आधी हिशोब मिटवतो. कोट मीच दिला होता. तुम्हाला माहीत होतं, पण मी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगणं माझ्याकडून राहिलं होतं.

काल दोनच्या बसने आलो. ड्रायव्हर एक अक्षर बोलला नाही, फक्त प्रत्येक थांब्यावर दारापुढे उभा राहिला. घरी पोचलो तर तुम्ही व्हरांड्यात बसलेले. मला माहीत होतं पुतळा आहे. तरी बॅग खाली ठेवून ताठ उभा राहिलो आणि सलाम ठोकला. ताई दारात उभी होती. म्हणाली, "ते काही सुट्टी देणार नाहीत, तू आपला बस." मग मला मिठी मारून रडली, मग म्हणाली जाडा झालास, मग शेळीचा रस्सा वाढला. हाडांसकट.

आज सकाळी मी टेकडीवर जाऊन आलो. एकटाच. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, "पाव नाही?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग पहिल्यांदा आला असाल. जा." तिघांपाशी बसलो. जिराफाच्या झाडाचा एक पेरू खाल्ला. जास्त काही लिहीत नाही. आकाशी रंग मलाही आवडला.

तीन वाजता चौकात तुमचं प्रेत आणलं. मी दाढीसकट ऊर बडवत होतो, आधी लाजत, मग गाव हसायला लागलं तसा जरा जोरात. तेवढ्यात पुलावरून लाल स्कर्टमध्ये कर्नल तावारा आला, डोक्याला गुलाब, आणि ओरडला, "बाजूला हो, टवळे, माझा आहे तो." मी म्हटलं, "नऊ वर्षं माझ्या नवऱ्याला गुरुवारी पुलावर नादी लावणारी सटवी तूच ना?" तो म्हणाला, "तू नांदायला नव्हतीस म्हणून आला माझ्याकडे. अकरा वर्षं माहेरी बसलीस." पापा, सगळा चौक लोटपोट झाला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "वाच आता, मुला. मलाही ऐकायचंय." आणि माझा हात धरून उभा राहिला. ह्या माणसाच्या तोफा मी चौदा महिने ऐकल्या होत्या. 

मी पाकीट फोडलं आणि वाचलं. तुम्ही किती वाह्यात होतात हे मी विसरलो होतो. मिस्त्रीला तुम्ही तुमचं घोरणं दिलंत, म्हणजे त्याची बायको निदान वेगळा सूर ऐकेल. नगरपालिकेला तुमची कंबरदुखी, कारण तिला वाकायची फार सवय आहे. नगराध्यक्ष पहिल्या रांगेत होता, त्याला टाळी वाजवावी लागली. कर्नल तावाराला तुम्ही टेकडी दिलीत, "जी त्याच्याकडे आधीच आहे, पण आता शिव्याही त्यानेच खाव्यात." तो लाल स्कर्टमध्ये वाकून सगळ्यांना नमस्कार करत होता. ओब्दुलियाताईला व्हरांड्यातली खुर्ची, आणि तिच्यावर बसून काहीही न करण्याचा हुकूम. ती अजून उभीच आहे, आत मक्याच्या पिठाचे तामाल उकडतेय.

मग माझं नाव आलं. मला वाटलं थांबावं. कर्नलने कोपर मारला. मग वाचलं, मोठ्याने, कारण विधवेला मनातल्या मनात वाचता येत नाही:

"कॅप्टन तादेओ बुर्नेओ ह्याला, त्याने आधीच देऊन टाकलेल्या कोटाचं सातवं बटण. राखेतून हेच एक सापडलं. मुला, कपाटाचं कुलूप मी स्वतः काढून ठेवलं होतं. तू आणि तुझे चार दोस्त मिस्त्रीच्या वखारीत नकाशा घेऊन बसता, हे मला माहीत होतं. टेकडी परत घ्यायला कधी चढायचं ठरलंय तेही माहीत होतं. तू चढला असतास तर माझ्या सहीची शाई वाळायच्या आत पुन्हा माणसं मेली असती, आणि पहिला तू असतास. तुला काहीतरी जाळायचंच होतं. मी विचार केला, कोट ठेवू आत, कपाट उघडताच समोर दिसेल असा. तू तो जाळलास आणि टेकडीवर गेला नाहीस. माझ्या आयुष्यात मी केलेला हा सगळ्यात चांगला तह. सही तुझी नव्हती, पण पाळलास तूच. पाकिटावर विधवा लिहिलंय, ती गंमत. मुलगा म्हणून ये."

 नेस्तोरची आई पुढे आली, माझ्या गालावरचा सगळा रंग तिने शालीच्या टोकाने पुसला, आणि म्हणाली, "आता रड बाई, नवरा मेलाय तुझा." मग जे हसले सगळे, मीसुद्धा. हसता हसता रडलो की रडता रडता हसलो, कुणी विचारलं नाही.

खरं आहे, पापा. त्या एकतीस तारखेची रात्र सरली की पहाटे चढायचं ठरलं होतं आमचं, नवीन वर्षाच्या पहिल्या तारखेला. संध्याकाळी तुमचा कोट पेटताना मी बघत होतो आणि बाकीचे चौघे माझ्याकडे बघत होते. मला एकदम इतकं थकल्यासारखं वाटलं की मी म्हटलं, "घरी जा रे." आणि आम्ही गेलो. मी का म्हटलं ते मला अकरा वर्षं कळलं नव्हतं. मला वाटायचं मी भित्रा आहे. स्पेनला त्यासाठी गेलो. तुमच्यावर राग होता हे ताईला पटेल असं कारण होतं.

आता बटणाचं. मिस्त्री म्हणाला, कोटाला लावून तुमच्याबरोबर जाळू. ताई म्हणाली, चौकटीत बसवू. पण स्कर्टचा हूक तुटलाय आणि अजून एक तास ऊर बडवायचाय, दोन्ही हातांनी. ताईकडून सुईदोरा घेतला आणि बटण कंबरेला लावलं. एका बाजूला जरा काळवंडलंय, पण धरतंय घट्ट.

कर्नल बाहेरून हाका मारतोय. "सवतीबाई, किती नटशील? नवरा पेटवायची वेळ झाली." आलो म्हणतो.

तुमचा मुलगा,
तादेओ